लाल टोमॅटोचा पिवळा अंगरखा

सारासाठीचे टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढले की साल आपसूक सुटते. ती चिमटीत धरून खिडकीच्या उजेडापुढे न्यावी. लालभडक टोमॅटोची ती साल लाल नसतेच. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आरपार दिसणारी आणि चक्क पिवळी असते. आत लाल गर, वर पिवळा अंगरखा, म्हणून बाजारातला टोमॅटो शेंदराकडे झुकणारा लाल दिसतो. ज्या वाणांच्या सालीत हा पिवळा उतरत नाही, ते टोमॅटो गुलाबी दिसतात. आणि ज्यांच्या गरात लाल रंग तयारच होत नाही, ते पिवळे.

आज हा शेवटचा प्रकार म्हणजे मॉलमधल्या प्लॅस्टिकच्या डबीतली चैन किंवा गच्चीवर बाग करणाऱ्यांची हौस. पण टोमॅटोच्या लेखी इतिहासात पिवळा मागून आलेला नाही. युरोपातल्या एका मोठ्या भाषेत टोमॅटोला जे नाव मिळालं, ते त्याच्यावरूनच.

त्याआधी मेक्सिको. टोमॅटोची रानटी भावंडं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या आसपासची, पण त्याला वाफ्यात आणून मोठं केलं ते मेक्सिकोतल्या लोकांनी, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात स्थानिक नाहुआ लोकांच्या मदतीने तिथल्या जीवनाचा जो प्रचंड ग्रंथ तयार केला, त्यात बाजारातल्या टोमॅटोवालीचंही वर्णन आहे. तिच्याकडे मोठे, छोटे, हिरवे, पिवळे, गर्द पिवळे, लाल, तांबूस असे नाना टोमॅटो आहेत. लबाड विक्रेती नासके, दबलेले आणि पोट बिघडवणारे टोमॅटो गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारते, हेही त्याने नोंदवलं आहे. भाजीबाजार पाचशे वर्षांत फारसा बदललेला दिसत नाही. पिवळा मात्र तिथे कौतुकाचा नव्हता, ढिगातलाच एक होता.

युरोपात टोमॅटो उतरला आणि विद्वानांची पंचाईत झाली. ग्रीक-रोमन ग्रंथांत ज्याचा उल्लेख नाही, ते फळ बसवायचं कुठे? सिएनाचा वैद्य पिएत्रो आंद्रेआ मात्तिओली याने 1544 साली प्राचीन ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसच्या औषधी ग्रंथावरची आपली टीका व्हेनिसमध्ये छापली. तिच्यात त्याने या फळाला वांग्याच्या रांगेत बसवलं. चपटं, फाकाफाकांचं, आधी हिरवं आणि पिकल्यावर सोन्याच्या रंगाचं, असं ते वर्णन आहे. फाकाफाकांचं म्हणजे आपल्याकडच्या गावरान टोमॅटोसारखं, भोपळ्यागत खाचा असलेलं. दहा वर्षांनी, 1554 च्या आवृत्तीत, त्याने लाल प्रकारही जोडला आणि नाव दिलं ‘पोमी दोरो’, सोन्याची सफरचंदं.

नाव मात्र ग्रंथाची वाट बघत थांबलेलं नव्हतं. 31 ऑक्टोबर 1548 रोजी पिसाहून फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो दे मेदिची याच्या कारभाऱ्याने त्याच्या चिटणिसाला पत्र लिहिलं, की फ्लॉरेन्सजवळच्या तोर्रे देल गाल्लो इथल्या मळ्यातून पाठवलेली ‘पोमी दोरो’ची टोपली सुखरूप पोहोचली. म्हणजे शास्त्रकाराच्या आधी घरकारभाऱ्याच्या लेखणीतून हा शब्द कागदावर आला. त्या टोपलीतली फळं कुणी खाल्ली का, की नुसतीच न्याहाळली, ते पत्रात नाही.

वांग्याशी लावलेलं नातं मात्र पोहोचलं पार आपल्यापर्यंत. बंगालीत टोमॅटो झाला ‘बिलाती बेगुन’, विलायती वांगं. मराठीत त्याला वेलवांगी म्हणत आणि विदर्भात अजून कुणी भेदरं म्हणतं. मात्तिओलीचं नाव कधी कानावर न पडलेल्या बायाबापड्यांनी तोच निवाडा दिला, आणि वनस्पतिशास्त्राने पुढे तो मान्यही केला. टोमॅटो आणि वांगं, दोन्ही आज सोलॅनम याच प्रजातीत मोडतात.

‘पोमी दोरो’चं इटालियन ‘पोमोदोरो’ झालं. पोलिश आणि रशियन भाषांनी ‘पोमिदोर’ उचललं. वॉर्सात किंवा मॉस्कोत आज लालबुंद फळाची पिशवी घेणारा माणूस मागतो सोन्याची सफरचंदंच.

यावरून युरोपात आलेला पहिला टोमॅटो पिवळा होता, असं सर्रास सांगितलं जातं. ते जरा ताणलेलं आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्सने काढून घेतलेलं एक चित्र व्हिएन्नात आहे. त्यात एकाच झाडावर लाल, नारिंगी आणि पिवळी फळं लगडली आहेत. असं झाड निसर्गात उगवत नाही. चित्रकाराला ठाऊक असलेले सगळे प्रकार त्याने एका फांदीवर टांगले, एवढंच. नेदरलँड्समधल्या लायडनला सोळाव्या शतकात इटलीत दाबून वाळवलेला टोमॅटोचा एक नमुना आहे. त्याच्या डीएनएचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला आणि ते झाड रानटी नसून माणसाने जोपासलेलं होतं, हे दिसलं. फुक्सच्या चित्रातले रंग पाहता जहाजातून आलं ते एक वाण नसावं, अनेक रंगांचं अख्खं गाठोडं असावं. त्यातला सोनेरी नजरेत भरला आणि नाव घेऊन गेला.

पुढची दोनेकशे वर्षं उत्तर युरोपात टोमॅटो मुख्यतः शोभेला लावला गेला. इंग्लंडच्या जॉन जेरार्डने 1597 च्या आपल्या वनस्पतिग्रंथात लाल आणि पिवळा दोन्ही नोंदवले आणि झाडाच्या वासाबद्दल नाक मुरडलं. अमेरिकेत पिवळ्याला स्वयंपाकघरात वेगळं काम मिळालं. नासपतीच्या आकाराचे छोटे पिवळे टोमॅटो साखरेत शिजवायचे, हाताने चपटे करायचे आणि उन्हात वाळवून अंजिरांसारखे डब्यात भरायचे.

आता ओहायोतल्या रेनॉल्ड्सबर्ग गावी जायला हवं, कारण पिवळ्याला घाटदार रूप मिळालं ते तिथल्या अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन या बियाणेवाल्याच्या हातून. हा 1821 चा जन्म. त्या काळचे मोठे टोमॅटो खाचाखाचांचे, पोकळ, आंबट आणि एकसारखे न पिकणारे असत. लिव्हिंग्स्टनने आधी सगळेच करतात तेच केलं. दरवर्षी शेतातलं सर्वांत गोल, सर्वांत गुळगुळीत फळ निवडायचं आणि त्याचं बी धरायचं. असं तो पंधरा वर्षं करत राहिला आणि दरवर्षी त्या देखण्या फळाच्या बियांतून पुन्हा खाचाखाचांचंच पीक यायचं.

मग त्याला एक झाड दिसलं. फळं लहान, पण झाडावरची सगळीच्या सगळी सारख्या घाटाची. त्याने फळ सोडलं आणि झाड धरलं. त्या एकाच झाडाचं बी पेरलं, तर पुढच्या वर्षी ओळीच्या ओळी तशाच. मग काही हंगाम नुसता आकार वाढवण्यात गेले आणि 1870 मध्ये ‘पॅरागॉन’ हे वाण बाजारात आलं. देखण्या फळापेक्षा सबंध झाड एकसारखं असणं मोलाचं, एवढीच ही गोष्ट. टोमॅटोच्या धंद्यात मात्र तिने उलथापालथ केली. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या 1937 च्या वार्षिकग्रंथाने तर तेव्हाच्या प्रमुख वाणांपैकी जवळजवळ निम्म्यांचं श्रेय लिव्हिंग्स्टनच्या घराण्याच्या पारखीला दिलं.

‘गोल्डन क्वीन’ त्याने 1882 मध्ये आणलं. मूळ फळ त्याला एका छोट्या जिल्हा-प्रदर्शनात मिळालं होतं. मोठं, गुळगुळीत, खाचा नसलेलं, आणि पूर्ण पिकलं की तळाशी किंचित गुलाबी झाक. ही झाक महत्त्वाची, कारण आज या नावाने विकल्या जाणाऱ्या काही बियांतून झाक नसलेलीच फळं येतात. नाव राणीचं आणि बी भलत्याचं, हा बियाण्याच्या धंद्यातला जुना रोग.

याच सुमारास लाल रंगाच्या बाजूने कारखाना उभा राहिला. हाइन्झचं केचप 1876 मध्ये आलं, कॅम्पबेलचं डब्यातलं आटवलेलं टोमॅटो सूप 1897 मध्ये. बाटलीतलं पिवळं केचप कोण घेणार? डबाबंद करणाऱ्यांना लाल हवा म्हणून शेतकऱ्याला लाल हवा, म्हणून पैदासकाराला लाल हवा. पिवळा बाजारातून हटला आणि परसात राहिला, जिथे बी बरणीत धरून ठेवणारं कुणीतरी असतं. अमेरिकेत 1975 मध्ये सुरू झालेल्या सीड सेव्हर्स एक्स्चेंज या संस्थेने अशा घरोघरच्या बरण्या एकमेकांच्या ओळखीच्या केल्या.

तो टिकला यामागे जीवशास्त्राचाही हात आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी 1993 मध्ये दाखवलं, की पिवळ्या टोमॅटोत रंगद्रव्यांच्या साखळीतला सुरुवातीचाच एक जनुक बिघडलेला असतो, म्हणून लाल लायकोपीन तयार होत नाही. हा गुण अप्रभावी आहे. लालशी संकर झाला तर पहिल्या पिढीत फळं लालच येतात. पण जे झाड पिवळं फळ देतं, त्याच्या पोटात लपलेला लाल नसतो. त्यात टोमॅटोच्या फुलात परागकोश जोडून त्यांची नळी झालेली असते आणि बहुतेक वेळा स्वपरागीभवनच होतं. पिवळ्याच्या ओळीत चुकून एखादं लाल फळाचं झाड आलं, तर भेसळ कुठे झाली ते लांबूनच दिसतं. ते उपटलं की काम झालं. लालच्या ओळीत लपलेला पिवळा असा पकडता येत नाही.

लागवडीला ‘गोल्डन क्वीन’ चारचौघांसारखंच. झाड वाढतच राहणारं, त्यामुळे काठी, सुतळी आणि बगलेतले फुटवे काढणं आलंच. पाणी एक दिवस भरपूर आणि चार दिवस नाही, असं झालं की फळाचं बूड काळं पडतं, कारण पाण्याबरोबर येणारं कॅल्शियम तिथवर पोहोचत नाही. खरी अडचण तोडणीची. लाल टोमॅटो पिकल्याचं रस्त्यावरून दिसतं. पिवळ्याचा लिंबासारखा रंग मधासारखा गडद होईतो थांबायचं आणि बोटाने हलकं दाबून बघायचं. पिवळा हमखास कमी आंबट, हा समजही खरा नाही. आंबटपणा रंगावर नाही, वाणावर ठरतो. काही पिवळे फक्त जास्त गोड असल्याने सौम्य लागतात.

आपल्याकडच्या टोमॅटोपट्ट्यात पिवळ्याची ओळख वेगळीच आहे. पारा तिशीच्या वर राहिला की लायकोपीन बनायचं मंदावतं, पिवळी-केशरी कॅरोटीनं मात्र बनत राहतात. म्हणून उन्हाळी लाल टोमॅटो खांद्याशी पिवळट राहतो. त्यावर 2020 च्या उन्हाळ्यात अकोले, संगमनेर, जुन्नरकडच्या प्लॉटांत फळांवर हिरवे, पिवळे, लाल पट्टे उमटले आणि शेतकऱ्यांनी त्या रोगाला ‘तिरंगा’ म्हटलं. बंगळुरूच्या फळबाग संशोधन संस्थेतल्या तपासणीत काकडीवरच्या मोझॅक विषाणूसह काही विषाणू सापडले. अशा वर्षी क्रेटमध्ये पिवळा डाग दिसला की व्यापारी क्रेट बाजूला सारतो. दिल्लीच्या पुसा संस्थेने पिवळ्या चेरी टोमॅटोचं वाणही काढलं आहे, पण त्याचं घर हरितगृह; मोंढ्यात पिवळा म्हणजे अजून बिघडलेला लालच.

बी धरायचं तर पुरतं पिकलेलं फळ कापून गर वाटीत काढतात आणि दोन-तीन दिवस तसाच आंबू देतात. वर पांढुरकी बुरशी धरते, वास येतो, घरातले कुरकुरतात. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण त्या आंबण्यात सुटतं आणि धुतल्यावर चांगलं बी तळाशी बसतं. ते बशीवर सुकवायचं. कागदावर चिकटून बसतं. सुकलेलं बी करड्या, मखमली टिकलीसारखं दिसतं, लालचं आणि पिवळ्याचं अगदी सारखं. पाकिटावर नाव घालायचं राहिलं, तर आत कोण आहे ते कळायला पेरल्यापासून तीनेक महिने जातात.