औंधहून नैरोबीला

आजोबांच्या बोलण्यात इंग्रज कमी आणि राजेसाहेब जास्त असत. आमचं गाव आटपाडीच्या अंगाचं, म्हणजे औंध संस्थानातलं. राजेसाहेब म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी. चित्रं काढणारे, कीर्तनाला उभे राहणारे, शाळेतल्या पोरांकडून सूर्यनमस्कार घालून घेणारे. आजोबांचे नमस्कार सत्तरीतही चुकले नाहीत.

पण त्यांचा आवाज चढे तो १९३९च्या गोष्टीला. त्या साली भवानरावांनी आपला अधिकार आपणहून रयतेच्या हाती दिला. गांधीजींच्या सल्ल्यानं घटना झाली. पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन त्या कामात बुडून गेले होते. गावोगाव पंचायती निवडून आल्या. आजोबा सांगत, ‘‘बांधाच्या भांडणाला आता वकील कशाला? देवळापुढं बसायचं, दोघांनी सगळ्यांदेखत बोलायचं, अन् उठताना निकाल घेऊन उठायचं.’’ आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथं भिंतीवाचून राहत, शेती करत. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची कल्पना तिथलीच.

या साऱ्यात राजपुत्र अप्पासाहेब पंत बरोबरीनं होते. ऑक्सफर्डला शिकलेला, बॅरिस्टर झालेला हा तरुण वडील गादीचा हक्क सोडत असताना शेजारी उभा होता. जे उद्या त्याचं व्हायचं, तेच वाटलं जात होतं. पुढं संस्थानचा कारभार त्यानंच सांभाळला, आणि मार्च १९४८मध्ये औंध भारतात विलीन झालं.

त्याच वर्षी नेहरूंनी अप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवलं. या नेमणुकीचं मला फार मोल वाटतं. केनियातली डोंगरपठारावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव होती आणि तिथल्या किकुयु जमातीचा माणूस आपल्याच मुलखात मजूर झाला होता. व्यापारात भारतीयांचा जम होता. आफ्रिकी लोकांच्या हिताआड येईल असं काही भारतीयांनी मागू नये, ही नेहरूंची भूमिका. ती तिथल्या दुकानदारांच्या गळी उतरवायची म्हणजे आपल्याच माणसांची नाराजी ओढवून घेणं होतं. अप्पासाहेबांनी ती ओढवून घेतली.

किकुयु नेते जोमो केन्याटा आणि कोइनांगे कुटुंबाशी त्यांचा घरोबा जडला. गिथुंगुरीला किकुयु लोकांनी आपापसात पैसे जमवून स्वतःचं शिक्षक महाविद्यालय उभारलं होतं. आमच्याकडं शाळेच्या खोल्या लोकवर्गणीतून उठतात तसंच ते. औंधच्या माणसाला ते परकं वाटलं नसणार, असं मी खात्रीनं धरून चालतो. भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर आफ्रिकी मुलं आपल्याकडं शिकायला येऊ लागली, त्यामागंही अप्पासाहेबांची खटपट होती.

ऑक्टोबर १९५२मध्ये केनियात आणीबाणी पुकारली गेली, केन्याटांना अटक झाली. खटल्यात त्यांच्या बचावासाठी नेहरूंनी वकील दिवाण चमनलाल यांना धाडलं. वसाहती सरकारच्या डोळ्यांत अप्पासाहेब आधीपासून सलत होते. अखेर १९५४मध्ये त्यांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढं सिक्कीम-भूतान आणि तिबेटचं काम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, रोम. १९५८मध्ये नेहरू नथू-ला ओलांडून चुंबी खोऱ्यातून भूतानला गेले, तेव्हा अप्पासाहेब सोबत होते. बांगलादेश युद्धाच्या वेळी लंडनला उच्चायुक्त होते. ही पदं मोठीच. पण ज्या घरानं सत्ता मागण्याआधीच देऊन टाकली, त्या घरातला माणूस सत्ता सोडायला तयार नसलेल्यांसमोर जाऊन उभा राहिला, ती नैरोबीची वर्षं मला साऱ्यांत मोलाची वाटतात.

१२ डिसेंबर १९६३ला केनिया स्वतंत्र झाला. अप्पासाहेब तेव्हा जाकार्ताला राजदूत होते. आजोबांनी ती बातमी आजीला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं निवडायला घेतलेली ज्वारी बाजूला सारली आणि विचारलं, ‘‘मग तिथल्या जमिनी आता ज्याच्या त्याला मिळतील न्हवं?’’