श्रोत्यांनीं राखलेलें संगीत

कलेचा इतिहास लिहिणारे बहुधा कलावंताचें चरित्र लिहितात. श्रोत्याचें चरित्र कोणी लिहीत नाहीं. गवई कोठें जन्मला, कोणापाशीं शिकला, केव्हां कीर्तीस चढला, हें सारें बारकाईनें नोंदलें जातें. परंतु समोर बसून ज्यांनीं मान डोलावली आणि घरीं जातांना तीच चाल गुणगुणत नेली, त्यांची बोळवण ‘रसिकांची गर्दी लोटली होती’ एवढ्या एका वाक्यावर होते. ह्यांत अन्याय तर आहेच, पण इतिहासाची हानिही आहे. कारण कांहीं कला अशा आहेत, कीं त्या घडविल्या कलावंतांनीं. परंतु वाईट दिवसांत त्यांस जगविलें आणि त्यांचा इतिहास जगास सांगितला तो श्रोत्यांनीं. अमेरिकेंतील ‘ब्लूग्रास’ संगीत हें त्याचें ठळक उदाहरण होय. रसिकता कोठवर पुरी पडते आणि कोठें उणी पडते, हेंही त्यावरून चांगलें उमगतें.

ह्या संगीताचा मूळ पुरुष बिल मन्रो. केंटकी संस्थानांतील रोझीन ह्या खेड्याजवळ १३ सप्टेंबर १९११ रोजीं तो जन्मला. आठ भावंडांत हा सर्वांत धाकटा. थोरल्या भावांनीं फिडल, म्हणजे खेडवळ ढंगानें वाजविलें जाणारें व्हायोलिन, आणि गिटार हीं वाद्यें आधींच घेतलीं होतीं. ह्याच्या वांट्यास मँडोलिन आलें. दहाव्या वर्षीं आई गेली, सोळाव्या वर्षीं वडील गेले. पेंडल्टन व्हँडिव्हर ह्या मामाच्या फिडलला साथ करीत हा मुलगा खेड्यांतील नाचांना जाऊं लागला. त्याच परिसरांत आर्नल्ड शुल्त्झ नांवाचा एक निग्रो कामकरी गिटार आणि फिडल अप्रतिम वाजवीत असे. त्याच्या सोबतीनेंही मन्रोनें नाचांत वाजविलें. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

पुढें मन्रोनें स्वतःची मंडळी उभी केली आणि केंटकीच्या सुप्रसिद्ध निळसर गवतावरून तिला ‘ब्लू ग्रास बॉइज’ असें नांव दिलें. ऑक्टोबर १९३९ मध्यें ही मंडळी नॅशव्हिल शहरांतील ‘ग्रँड ओल ऑप्री’ ह्या कार्यक्रमांत दाखल झाली. एका विमा कंपनीच्या नभोवाणी केंद्रावरून १९२५ पासून शनिवारीं रात्रीं हा कार्यक्रम होत असे, आणि १९३२ नंतर त्या केंद्राची शक्ति ५०,००० वॅट झाल्यामुळें दूरदूरच्या शेतकऱ्यांच्या ओसरीवर तो ऐकूं जाई. १९४३ पासून १९७४ पर्यंत ऑप्रीचें ठाणें राइमन सभागृहांत होतें. ही इमारत एका आगबोटींच्या मालकानें पुढाकार घेऊन १८९२ सालीं प्रार्थनेकरितां उभारलेली. तेथील लांकडी बांकांवर बसून लोक गाणें ऐकत.

ह्याच ठिकाणीं डिसेंबर १९४५ मध्यें अर्ल स्क्रग्ज हा एकवीस वर्षांचा तरुण मन्रोच्या मंडळींत बँजो वाजवूं लागला. तोंवर त्या रंगमंचावर बँजो म्हणजे बव्हंशीं विदूषकाचें वाद्य. वाजविणाऱ्यानें चार विनोद करावे, लोकांनीं हंसावें, असा प्रघात. स्क्रग्ज विनोद करीत नसे. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा ह्या तीन बोटांनीं तो स्वरांची अशी अखंड धार सोडी, कीं ऐकणारा थक्क होई. तीन बोटांची ही रीत उत्तर कॅरोलायनाच्या त्याच्या मुलखांत आधींपासून होती. तिला डौल आणि वेग दिला तो त्यानें. त्या काळच्या प्रक्षेपणांच्या ज्या मुद्रिका आज ऐकावयास मिळतात, त्यांत बँजोची पाळी येतांच श्रोत्यांच्या आरोळ्या उसळतात. आम्हांस त्या वाद्याइतक्याच त्या आरोळ्याही मोलाच्या वाटतात. कांहीं नवें जन्मास आलें आहे हें पंडितांच्या ध्यानीं येण्यापूर्वीं बांकांवरील माणसांनीं ओळखलें होतें, ह्याचा तो पुरावा आहे.

ह्या प्रयोगाची रचनाही पाहण्यासारखी होती. मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि मोठा बेस अशीं पांच वाद्यें, गाणारे त्यांतलेच. त्या काळीं एकाच ध्वनिक्षेपकाभोवतीं सारे उभे राहत. ज्याची पाळी असेल त्यानें वाद्य उचलून पुढें यावें, चार ओळी वाजवाव्या आणि दुसऱ्यास वाट द्यावी. मागच्यांनीं आवाज आवरून धरावा. कोणी कोणास धक्का देत नाहीं, ताल चुकत नाहीं. नुसत्या मुद्रिकेंत हें दिसत नाहीं. समोर बसलेल्यासच तें सुख मिळतें. म्हणूनच ह्या संगीताचे भक्त आजही प्रत्यक्ष प्रयोगाचा आग्रह धरतात.

१९४८ च्या आरंभीं स्क्रग्ज आणि गिटारवर गाणारा लेस्टर फ्लॅट ह्या दोघांनीं मन्रोस सोडून स्वतंत्र मंडळी काढली. मन्रोस तें लागलें आणि दोन्ही पक्षांत अनेक वर्षें अबोला राहिला. अशी एक आठवण सांगतात, कीं लोकांना फ्लॅट-स्क्रग्ज यांच्याकडून मन्रोच्या वेळचीं गाणीं ऐकावयाचीं असत, पण त्यांच्यासमोर मन्रोचें नांव काढण्याचा संकोच वाटे. म्हणून ते ‘तें ब्लूग्रासचें एक होऊं द्या’ अशा अर्थाची फर्माईश करीत. एका मंडळीचें नांव पुढें एका संगीतप्रकाराचें नांव झालें, त्यांत श्रोत्यांच्या ह्या नाजूक शिष्टाचाराचा वांटा असेल, तर ती मोठी गोड गोष्ट होय.

पुढें वाईट दिवस आले. १९५४ सालीं एल्व्हिस प्रेस्ली ह्यानें मन्रोचेंच ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हें गाणें नव्या ढंगांत गायिलें आणि थोड्याच वर्षांत रॉक-अँड-रोलच्या लाटेंत जुन्या वाद्यांचें बाजारमोल घसरलें. अशा वेळीं हें संगीत धरून ठेवलें तें दोन प्रकारच्या लोकांनीं. पहिले म्हणजे पोटासाठीं डोंगराळ मुलूख सोडून बाल्टिमोर, सिनसिनाटी, डेट्रॉइट अशा शहरांत कारखान्यांवर आलेले मजूर. त्यांना ह्या सुरांत घर सांपडे. दुसरे म्हणजे शहरांतील शिकलेले तरुण. मेरिलंडमधील ‘न्यू रिव्हर रँच’सारख्या उघड्या मैदानांत रविवारीं जलसे होत, तेथें हे तरुण अवजड ध्वनिमुद्रणयंत्रें घेऊन जात आणि जें ऐकलें तें फितींवर उतरवून घेत. माइक सीगर व राल्फ रिंझलर हे त्यांतलेच. १९६३ मध्यें रिंझलरनें मन्रोच्या कार्यक्रमांची व्यवस्था हातीं घेतली आणि ह्या संगीताचा जनक फ्लॅट-स्क्रग्ज नसून मन्रो होय, हें लेखांतून मांडलें.

त्याचें फळ सप्टेंबर १९६५ मध्यें दिसलें. कार्लटन हेनी ह्या व्यवस्थापकानें व्हर्जिनियांतील फिनकॅसल गांवाजवळ घोड्यांच्या एका कुरणावर तीन दिवसांचा उत्सव भरविला. शेवटच्या दिवशीं मन्रोच्या मंडळींतून बाहेर पडलेले जुने साथीदार एकेक करून वर आले आणि ज्या त्या काळचीं गाणीं त्याच्याबरोबर गाऊं लागले. श्रोत्यांपुढें जणूं इतिहासाचें पारायणच चाललें होतें! फ्लॅट व स्क्रग्ज मात्र तेथें नव्हते. अखेर १९७१ मध्यें इंडियानांतील बीन ब्लॉसम येथील उत्सवांत मन्रो आणि फ्लॅट यांनीं श्रोत्यांच्या साक्षीनें हात मिळविले. दरम्यान १९६६ पासून भक्तांनीं ‘ब्लूग्रास अन्लिमिटेड’ हें मासिकही चालूं केलें होतें. उत्सवाला येतांना वाद्य घेऊन यावें, आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागेंत अनोळखी माणसांशीं रात्रभर वाजवीत बसावें, ही चालही ह्याच उत्सवांत रुळली. येथें श्रोता आणि वादक यांच्यांतील भिंत पुष्कळशी पातळ झाली.

येथवर श्रोत्यांची स्तुति झाली. आतां दोष सांगणें प्राप्त आहे. भक्ति जेथें असते तेथें मूर्ति घडते, आणि मूर्तीला घाम येत नाहीं, ऋण असत नाहीं. एका जनकाची कथा सांगण्याच्या भरांत, बँजो हें वाद्यच मुळांत आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनीं अमेरिकेस दिलें, ही गोष्ट पुष्कळांच्या विस्मरणांत गेली. ऑप्रीच्या आरंभींच्या काळांत लोकप्रिय झालेला निग्रो वादक डीफर्ड बेली हा १९४१ मध्यें कामावरून दूर झाला. त्याची नोंद कित्येक वर्षें कोणी फारशी घेतली नाहीं. शुल्त्झ १९३१ मध्येंच वारला. त्याची एकही मुद्रिका मागें राहिली नाहीं. विशेष हें, कीं मन्रोनें स्वतः शुल्त्झचें ऋण उघडपणें सांगितलें होतें. कलावंतानें ज्याची आठवण ठेवली, त्याला भक्तांनीं तळटीपेंत ढकललें!

तरीही आमचा रसिकांवरील विश्वास ढळत नाहीं. कारण ही चूक दुरुस्त करूं पाहणारेही त्यांच्यांतलेच आहेत. २०२० मध्यें ह्या संगीताच्या एका संस्थेनें आर्नल्ड शुल्त्झच्या नांवानें निधि स्थापन केला. वर्णामुळें दूर राहिलेल्यांस ह्या संगीतांत येण्यास त्यांतून साहाय्य होतें. मन्रो १९९६ मध्यें वारला, स्क्रग्ज २०१२ मध्यें. आतां त्यांचें संगीत सर्वस्वीं श्रोत्यांच्या आणि त्या श्रोत्यांतूनच पुढें आलेल्या वादकांच्या हवालीं आहे. टाळी देणें सोपें. ऐकलेलें जपून ठेवणें त्याहून अवघड. आणि जें जपलें त्याचा खरा हिशेब, कोणाचेंही नांव न गाळतां, पुढच्या पिढीस देणें सर्वांत अवघड. हें तिसरें काम जो करील, त्यासच आम्ही पुरा रसिक म्हणूं.