हिरव्या चिक्कीचं कूळ

बीडला आमच्या घरी स्पिरुलिना घालून केलेली पहिली चिक्की फसली. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टणकन वाजला, तशी मी दाण्याच्या कुटासोबत भुकटीही रटरटत्या कढईत ढकलली. रंग करपट झाला आणि तळ्याकाठचा वास सुटला. आत्या म्हणाल्या, "आगं, मेंदी कालवली का काय?"

ही भुकटी म्हणजे मुळात सोड्याच्या खाऱ्या पाण्यावर धरणारी हिरवी साय. आपण तिला सूक्ष्मशैवाल म्हणतो. शास्त्रज्ञ तिला जिवाणूंत धरतात. मेक्सिकोत अझ्टेक लोक तेश्कोको सरोवरावरून ती गोळा करून वड्या थापत. त्यांचा शब्द तेकुइत्लात्ल, म्हणजे दगडाची विष्ठा! १६व्या शतकात तिथे गेलेल्या बेर्नाल दियास या स्पॅनिश सैनिकाला मात्र ती चीजसारखी लागली.

आफ्रिकेत चाड सरोवराकाठी कानेम्बू बायका हीच साय वाळूतल्या खळग्यांत सुकवतात; तिला दिहे म्हणतात. १९४० मध्ये दांझार या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्यावर लिहिलं, पण महायुद्धाच्या धामधुमीत लक्ष कोण देणार? १९६०च्या दशकात ज्यां लिओनार या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाला बाजारात त्या वड्या पुन्हा दिसल्या. आणि दिहे खातात कसं? कालवणात घालून, बाजरीशी. इथं मी थबकले. बाजरी तर आमचीच. तसं सोड्याचं पाणीही आमच्या शेजारच्या जालन्याला लागून असलेल्या बुलढाण्यात, लोणार सरोवरात. त्याच्या हिरवेपणात मोठा वाटा याच जीवाचा. आपण तिथला खार पिढ्यान्‌पिढ्या उचलला, साय कुणी ताटात घेतल्याचं ऐकिवात नाही.

त्यामुळे ती आपल्याकडे आली प्रयोगशाळेतून, टाक्यांत वाढवलेली. चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्रानं सुमारे ५,००० बालकांना रोज १ ग्रॅम देऊन 'अ' जीवनसत्त्वाअभावी डोळ्यांत पडणारे डाग तपासले. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं तिची शेंगदाणा चिक्की केली. जाहिराती ६० टक्के प्रथिनांचा डंका पिटतात. चिमूटभर भुकटीत तो हिशेब फोल आहे. कामाचं आहे लोह आणि बीटा-कॅरोटीन. गूळ-दाणे वास झाकतात, चिक्की टिकते, खिशात मावते. आईबापांमागे उसाच्या फडावर जाणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना असाच खाऊ सोयीचा.

दुसऱ्या खेपेला गॅस बंद केला, पाक जरा निवू दिला, मग भुकटी घातली आणि तूप लावलेल्या पाटावर भराभर लाटली. आत्यांनी तुकडा मोडला, सावकाश चावला.

"दाणे चांगले भाजलेत," म्हणाल्या.