बगलेचा गडी

फुटबॉलविषयी आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे. गोल मारतो तो खेळाडू, बाकीचे दहा जण नुसते त्याच्या सोबतीला. शाळेच्या मैदानावर गुरुजी संघ पाडू लागले की पाहा, प्रत्येक पोराला पुढेच खेळायचे असते. मागे, आणि त्यातही मागच्या कडेला, उभा राहायला कोणी राजी नसतो. मग जो अंगाने लहान किंवा स्वभावाने गरीब, त्याची रवानगी तिकडे होते. आज ज्या जागेची हकीकत सांगायची आहे ती नेमकी हीच. आणि गंमत अशी, की ठाणे, डोंबिवली, कल्याण या भागातल्या फुटबॉलच्या शौकिनांत मुंबईच्या संघाने घेतलेल्या नव्या माणसावरून वाद पेटतो, तेव्हा तो पुष्कळदा याच दुर्लक्षित जागेवरून पेटतो. ‘हा कशाला घेतला? आपली पोरं काय वाईट होती?’ असा त्या वादाचा सूर असतो.

ही जागा समजायला कबड्डीचा दाखला बरा पडेल. सात गड्यांच्या फळीत दोन टोकांना दोन कोपरारक्षक असतात. चढाईवाला आत आला की कोपऱ्याचा गडी पाय धरायला झेपावतो. झेप साधली तर वाहवा. चुकली तर त्याच्या पाठीमागे मोकळी वाट पडते, आणि ती बुजवायला शेजारचा गडी वेळेवर पोचावा लागतो. फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. लांबीच्या रेषेला लागून जी पट्टी असते तिला आपण बगल म्हणू. बगलेत मागे राहून राखण करतो तो फुलबॅक. मैदानाच्या मध्यभागी दोनाऐवजी तीन राखणदार ठेवले, म्हणजे बगलेच्या गड्याला पुढे धावायची जास्त मुभा मिळते. मग त्यालाच विंग-बॅक म्हणतात. चढाईही त्याचीच, पकडही त्याचीच. एका सामन्यात तो दहाएक किलोमीटर धावतो. डोंबिवलीहून रुळारुळाने कल्याणला जाऊन परत यावे, त्याला थोडेच कमी.

पूर्वी हे काम नव्हते. जुन्या मांडणीत मागे दोन, मध्ये तीन आणि पुढे पाच असे खेळाडू असत. मागचे दोघे गोलासमोर खांबासारखे उभे. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. पुढे चेंडू घेणाऱ्या गड्याच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान तोवर प्रतिपक्षाचे तिघे असावे लागत, ते आता दोघे पुरू लागले. साहजिकच गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा लंडनच्या आर्सेनल संघाचे चालक हर्बर्ट चॅपमन यांनी मधला एक माणूस मागे ओढला आणि मागच्या दोघांना बगलेकडे सरकवले. कडेचा राखणदार जन्मला तो असा. पण त्याने मधली रेषा ओलांडणे म्हणजे पहारेकऱ्याने दार उघडे टाकून जत्रेला जाण्यासारखेच समजले जाई.

ते दार ब्राझीलने उघडले. १९५८ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी मागे चार माणसे ठेवली. ऑस्ट्रियाविरुद्ध त्यांचा डावा राखणदार निल्टन सांतोस चेंडू घेऊन निघाला तो थेट गोल करूनच थांबला. प्रशिक्षक फिओला बाजूने ‘मागे फिर’ म्हणून ओरडत होते, असे सांगतात. पुढे इटलीच्या फाकेत्तीने १९६५-६६ च्या हंगामात या जागेवरून खेळून त्यांच्या राष्ट्रीय लीगमध्ये दहा गोल केले. १९७० च्या अंतिम सामन्यात ब्राझीलचा चौथा गोल मारला तो उजव्या बगलेच्या कार्लोस आल्बेर्तोने. तोच संघाचा कप्तान.

आपल्या देशात जागा बदलून माणूस पारखण्याची कला कोणाला साधली असेल, तर ती सय्यद अब्दुल रहीम यांना. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक नेला. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नैलसिंग या मागच्या फळीतल्या गड्याच्या डोक्याला टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्याला विश्रांती न देता आघाडीवर पाठवले. दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताने २-१ असा विजय मिळवला, त्यातला एक गोल जर्नैलचा! माणसाची जागा जन्माने ठरत नाही, हे तेव्हाच दिसून आले होते.

त्या काळी मुंबईत ‘खेळाडू घेतला’ याचा अर्थ त्याला नोकरी दिली असा होता. गिरण्या, बँका, रेल्वे, तेलकंपन्या यांचे संघ असत. निवड फसली तरी गडी कचेरीत हजेरी लावून निवृत्तीपर्यंत निभावून नेई. हळूहळू ते संघ मिटले. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेडसारखा संघही २०१० साली बंद झाला. त्यानंतर आला तो कराराचा जमाना. दोनतीन हंगामांचा करार, तो सरला की रामराम. आज वाद होतात त्यांना धार येते ती यामुळे. चुकीचा माणूस घेतला म्हणजे पैसा तर जातोच, पण त्या जागी वाट पाहत बसलेल्या पोराची उमेदीची दोन वर्षे जातात, आणि ती कोणी भरून देत नाही.

इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली. मुंबई सिटीचे पहिल्या दोन हंगामांचे घरचे मैदान होते नेरूळचे डी. वाय. पाटील क्रीडांगण, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच. कल्याण-डोंबिवलीची मंडळी ठाण्याला उतरून ऐरोली, घणसोली, तुर्भे करीत नेरूळला जात. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी तिथल्या पहिल्याच सामन्यात मुंबईने पुण्याला ५-० असे हरवले, आणि एवढे करून हंगामाअखेर आठ संघांत सातवा क्रमांक पटकावला! २०१६ पासून सामने अंधेरीला गेले. आता घाटकोपरला उतरून मेट्रोने आझादनगर गाठायचे. प्रवास लांबला, आणि माझ्या मते वादालाही जास्त वेळ मिळू लागला.

आता एक मुद्दा नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येला बंधन असते. एका वेळी मैदानावर पाच चालत, ते २०२१-२२ पासून चार झाले. संघ हे मोजके परदेशी बहुधा मधल्या कण्यावर खर्च करतात, कोणी मधल्या राखणीला, कोणी चेंडू वाटायला, कोणी गोल मारायला. बगला राहतात त्या आपल्या मुलांसाठी. म्हणून बगलेवर कोणाला घेतले हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी आपल्या मुलांना मैदानावर पाय ठेवायला जागा कुठे उरते, हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला असतो.

२०२० सालचे उदाहरण घ्या. मुंबईने गोव्याचा मंदार राव देसाई घेतला. वय अठ्ठावीस. मूळचा डाव्या बाजूने चढाई करणारा. गोव्याच्या संघात स्पेनचे प्रशिक्षक लोबेरा यांनी त्याला मागे आणून डावा राखणदार केले होते. शंका घेणारा म्हणेल, ‘चढाईचा माणूस राखणीला? आणि तोही या वयात? विघ्नेश दक्षिणामूर्तीसारखा तरुण संघात असताना?’ शंका रास्त आहे. पण शेतकरी बाजारात एक बैल पाहतो, तेव्हा नुसते दात मोजून थांबत नाही. घरच्या दुसऱ्या बैलाशी तो जुवाला जुळेल का, हेही पाहतो. इथे मंदार एकटा आला नव्हता. लोबेरा आले होते, मधल्या राखणीचा फॉल आला होता, चेंडू वाटणारा जाहू आला होता. हे सगळे गोव्यात एकत्र खेळलेले. मंदार पुढे धावला तर मागची वाट कोणी बुजवायची, हे त्यांना नव्याने शिकवावे लागणार नव्हते. तेव्हा मला विचाराल तर ती निवड शहाणपणाची होती. त्याच हंगामात मंदार लीगचे शंभर सामने पुरे करणारा पहिला खेळाडू ठरला, डावी जागा त्याच्या नि विघ्नेशच्या, दोघांच्याही वाट्याला आली, आणि मुंबईने साखळीची ढाल व अंतिम चषक असे दोन्ही मान मिळवले.

फक्त ते पाहायला ठाण्या-डोंबिवलीचे कोणी जाऊ शकले नाही. कोरोनाच्या साथीमुळे सारी स्पर्धा गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाली. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात उजव्या बगलेवर होता अमेय रानवडे, तेवीस वर्षांचा मराठी मुलगा. पहिल्याच अर्ध्यात त्याच्या डोक्याला जबर मार बसला आणि त्याला रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. खेळ पुढे चालू राहिला, आणि अगदी शेवटी बिपिनसिंगच्या गोलाने मुंबई २-१ अशी जिंकली.

त्याच वर्षी क्लबने बंगळूरहून राहुल भेके आणला. हा मुंबईचाच. ईस्ट बंगाल, केरळ, पुणे, बंगळूर असे पाणी पिऊन आलेला. उजव्या बगलेचा म्हणून घेतलेला हा गडी पुढे मधल्या राखणीतही उभा राहिला. वय तिशीला आलेले, त्यामुळे ‘अमेयचं काय होणार?’ ही काळजी काही खोटी नव्हती. पण ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई २-१ अशी जिंकली तेव्हा विजयाचा गोल भेकेच्या डोक्यावरून गेला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबईने पुन्हा चषक उचलला, तेव्हा कप्तान भेकेच होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो बंगळूरला परत गेला, आणि घाटकोपरच्या वाटेवर पुन्हा तोच प्रश्न निघाला: आता त्या जागी कोण?