छाट कलम

छाट कलम ही वनस्पतींच्या शाकीय अभिवृद्धीची एक पद्धत आहे. तीत मातृझाडाच्या खोडाचा, पानाचा किंवा मुळाचा तुकडा वेगळा करून त्यापासून स्वतंत्र रोप तयार करतात. अशा रोपाचे आनुवंशिक गुणधर्म मातृझाडासारखेच असतात. साधने कमी लागत असल्याने घरगुती बागेसाठी ही पद्धत सोयीची आहे.

तत्त्व
छाटाच्या कापलेल्या टोकावर प्रथम किण, म्हणजे जखम भरून काढणाऱ्या पेशींचा थर, तयार होतो. मुळे बहुधा पेराजवळच्या ऊतींतून फुटतात. कळ्या व कोवळ्या पानांत तयार होणारे ऑक्सिन हे संजीवक खालच्या टोकाकडे वाहून तेथे साठते व मुळे फुटण्यास चालना देते. त्यामुळे छाट उलटा लावल्यास तो सहसा रुजत नाही. १९३५ मध्ये इंडोल ब्युटिरिक आम्लाचा हा गुणधर्म दिसून आला. मुळे फुटण्यासाठी मिळणाऱ्या अनेक भुकट्यांत तेच वापरतात.

प्रकार
* पक्व काष्ठ छाट : अंजीर, द्राक्ष, गुलाब
* अर्धपक्व छाट : जास्वंद, मोगरा, क्रोटन
* कोवळे छाट : तुळस, पुदिना, कोलियस
* पर्ण छाट : पानफुटी, बिगोनिया

पद्धत
निरोगी झाडाची पेन्सिलीएवढ्या जाडीची, १५ ते २० सेंमी लांबीची व तीन-चार डोळ्यांची फांदी निवडतात. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरपा व वरचा सरळ घेतल्यास छाटाची दिशा ओळखता येते. खालची पाने काढून दोन पेरे मातीत जातील असा छाट लावतात आणि कुंडी सावलीत ठेवतात. चाफा, शेर यांसारख्या चीक असलेल्या झाडांचे छाट काही दिवस सुकवून मगच लावतात. कण्हेरीचा चीक विषारी असल्याने हातमोजे वापरणे आवश्यक असते.

हवामान व माती
हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी परिसरासह मराठवाड्यात जून ते सप्टेंबर या काळातील दमट हवा अर्धपक्व व कोवळ्या छाटांना मानवते. उन्हाळ्यात मात्र मुळे फुटण्यापूर्वीच ते सुकतात. येथील काळी माती पाणी धरून ठेवते व हवा खेळू देत नाही, त्यामुळे छाट बुडाशी कुजतात. म्हणून तीत जाड वाळू व कुजलेले शेणखत मिसळतात.

याच जिल्ह्यात घेतल्या जाणाऱ्या हळदीची लागवड गड्ड्यांपासून होते. तीही शाकीय अभिवृद्धीच असली, तरी तिला छाट कलम म्हणत नाहीत.

शेतीतील वापर
उसाची टिपरी हे छाट कलमाचे सर्वांत परिचित उदाहरण होय. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात अंजिराची रोपे छाटांपासून करतात. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत डॉगरिज या खुंटाचे छाट मुळावून त्यांवर हवी ती जात बांधतात.

मर्यादा
आंबा छाटापासून सहजी रुजत नाही. त्यासाठी कोय कलम किंवा भेट कलम करतात. छाटाबरोबर मातृझाडातील विषाणू व इतर रोगही नव्या रोपात उतरतात. उसाचा गवताळ वाढ हा रोग याच मार्गाने बेण्यातून पसरतो. तसेच एकाच झाडापासून केलेली सर्व रोपे आनुवंशिकदृष्ट्या सारखी असल्याने एखाद्या रोगाला ती एकाच वेळी बळी पडू शकतात. म्हणून मातृझाडाची निवड हा या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा ठरतो.

हे सुद्धा पहा
* गुटी कलम
* दाब कलम
* ऊती संवर्धन