हरलेल्या मताची जागा

ज्यूंच्या ‘तालमुद’ या ग्रंथाचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. धर्मग्रंथ म्हटला की आरंभी मंगलाचरण, मध्ये उपदेश आणि शेवटी फलश्रुती अशी आपली अपेक्षा. तालमुदाचा आरंभ मात्र एका साध्या प्रश्नाने होतो: संध्याकाळची प्रार्थना कोणत्या वेळेपासून म्हणावी? एक जण उत्तर देतो, दुसरा ते खोडतो, तिसरा दोघांनाही अडवतो. आणि ही वादसभा पुढे हजारो पाने चालू राहते. मला या ग्रंथाचे मोठेपण त्यातल्या निर्णयांपेक्षा या वादांत दिसते.

मूळ ग्रंथ ‘तोरा’, म्हणजे मोशेची पाच पुस्तके. त्यात शब्बाथाला काम न करण्याची आज्ञा आहे. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांनी ती इतक्या निष्ठेने पाळली की, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हेच त्यांचे नाव पडले. पण काम कशाला म्हणावे? नांगरणे हे काम खरेच. पण गाठ मारणे? दोन अक्षरे लिहिणे? असला तपशील गुरुशिष्यांच्या तोंडी चालत आला होता.

इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने जेरुसलेम जिंकले आणि तेथले मंदिर जाळले. यज्ञबळी आणि पुरोहितांचे अधिकार, सारे त्या एका मंदिराशी बांधलेले. ते गेल्यावर धर्म राहायचा कोठे? तालमुदातच कथा आहे की, योहानान बेन झक्काई हा आचार्य वेढ्यातून शवपेटीत निजून बाहेर पडला आणि रोमनांकडे त्याने यावने हे गाव व तेथले विद्वान मागून घेतले. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, पुढे घडले ते तसेच. मंदिराची जागा अध्ययनाने घेतली.

इ. स. २०० च्या सुमारास यहूदा हानासी याने मुखपरंपरा संकलित केली, ती ‘मिश्ना’. शब्बाथाला वर्ज्य अशी ३९ कामे तिनेच मोजली आहेत. मग बाबिलोनमध्ये, म्हणजे आजच्या इराकात, सुरा आणि पुम्बेदिता येथल्या विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या त्यावर खल झाला, तो ‘गमारा’. दोन्ही मिळून तालमुद. आपल्याकडच्या सूत्र-भाष्यांचीच ही जातकुळी वाटते. मात्र आपला भाष्यकार पूर्वपक्ष मांडतो तो बहुधा खोडण्यासाठी. तालमुदात पुष्कळदा वाद न मिटवताच सोडून दिलेला असतो, आणि जेथे निकाल लागतो तेथेही हरलेल्याचे मत त्याच्या नावानिशी जपलेले असते. मान्य न झालेले मत लिहून तरी का ठेवावे, असे मिश्नाच विचारते. तिचे एक उत्तर असे की, पुढच्या एखाद्या न्यायमंडळाला त्याचाच आधार घ्यावासा वाटला, तर तो हाताशी असावा.

अशा ग्रंथावर १२४० मध्ये पॅरिसला, नववा लुई राजा असताना, रीतसर खटला भरला गेला. १२४२ मध्ये २४ गाड्या भरून पोथ्या भर शहरात जाळल्या. छपाई युरोपात यायची होती. एकेक पोथी हाताने उतरलेली. विरोधकाचे म्हणणे जपणारा ग्रंथ जाळणाऱ्यांना एकच मत हवे होते. १५५३ मध्ये रोमलाही हेच झाले.

विसाव्या शतकात तर वाचणारी माणसेच जाळली गेली. त्यातून वाचलेले निर्वासित जर्मनीतल्या छावण्यांत होते आणि अभ्यासाला ग्रंथ नव्हता. १९४८ पासून अमेरिकन सैन्याच्या साहाय्याने हायडेलबर्ग येथे संपूर्ण तालमुद १९ खंडांत छापला गेला. त्याच्या पहिल्या पानावर खाली काटेरी कुंपण आहे आणि वर पवित्र भूमीतली खजुरीची झाडे.

या वादसभेत स्त्रियांना मात्र शतकानुशतके जवळजवळ प्रवेशच नव्हता, हेही सांगितले पाहिजे. आता तो मिळू लागला आहे. जानेवारी २०२० मध्ये तालमुदाच्या पारायणाची समाप्ती हजारो स्त्रियांनी जेरुसलेमला एकत्र जमून साजरी केली.

तालमुद एकट्याने वाचायचा नसतो. समोर जोडीदार लागतो. का, ते तालमुदातल्याच एका कथेत आहे. रेश लाकिश हा पूर्वीचा दरोडेखोर. रब्बी योहानानने त्याला विद्येकडे वळवले आणि आपली बहीण दिली. एकदा वादाच्या भरात योहानानने त्याचा जुना धंदा काढला. दोघांची मने दुखावली, आणि त्या दुःखात रेश लाकिश वारला. योहानानला चैन पडेना, म्हणून एक विद्वान सोबतीला दिला. तो योहानानच्या प्रत्येक वाक्याला पुरावा देऊन होकार भरी. योहानान वैतागला. रेश लाकिश आपल्या प्रत्येक बोलण्यावर २४ आक्षेप घेई, त्याला २४ उत्तरे द्यावी लागत, आणि त्यातून विषय उलगडे, असे तो म्हणाला. आपले म्हणणे बरोबर आहे, हे त्याला दुसऱ्याकडून ऐकायचे नव्हते. मग अंगावरचे कपडे फाडीत, रडत, तो त्या गेलेल्या मित्राला हाका मारीत फिरू लागला.