चिरा, बशी आणि माटोळी

पेडणे तालुक्यातील हळर्णचा किल्ला शापोरा नदीकाठी जांभ्या चिऱ्यांत बांधलेला आहे. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकला आणि पुढे ‘मार्किस द आलोर्ना’ ही पदवी मिळवली. गावाचे नाव लिस्बनला गेले. चिरा येथेच राहिला. इतिहास म्हणून आम्ही पदवी वाचतो, चिरा मात्र वाचत नाही.

वस्तूच साक्षीदार असते, हे गोव्यात सुबोध केरकर यांच्या शिल्पांनी ठळकपणे दाखवले. वैद्यकी सोडून कलेकडे वळलेल्या केरकरांनी शिंपले, जुन्या होड्या, माडाची झावळे यांना माध्यम केले. चिनी मातीच्या बशा त्यांनी समुद्रतळाशी ठेवल्या; त्यांवर कालवे वाढली. सागरी व्यापाराचा इतिहास असा सागरानेच लिहिला. पोर्तुगिजांबरोबर अमेरिका खंडातून आलेली मिरचीही त्यांच्या शिल्पाचा विषय झाली. २०१५ साली त्यांनी पिळर्ण येथे ‘म्युझियम ऑफ गोवा’ उभारले.

ही दृष्टी आम्हांला सर्वस्वी परकी नाही. चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीत असोले नारळ, सुपारीचे घोस, कवंडळे, रानफळे बांधली जातात. विसर्जनानंतर ती रचना राहत नाही; राहते ती रानाची ओळख. रान उणावले, तर माटोळीतील फळाबरोबर त्याचे नावही जाईल. कागद जपणाऱ्या आम्ही या साक्षीदारांनाही जपले पाहिजे.